सुटतो किती वाजता?

चौदा वर्षं पूर्ण झाली की मुलाला कामावर ठेवता येतं, हे पुण्यातल्या बहुतेक दुकानदारांना, हॉटेलमालकांना आणि केटरर्सना माहीत असतं. आधार कार्डाची झेरॉक्स मागून घेतली जाते, जन्मवर्ष बघितलं जातं, चौदा भरले की विषय संपतो. पण ज्या कायद्याने ही मुभा दिली, त्याच कायद्यात पुढे आणखी काही लिहिलेलं आहे आणि ते फारसं कुणी वाचत नाही. चौदा ते अठरा वयाच्या कामगाराकडून सलग तीन तासांहून जास्त काम करून घ्यायचं नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती द्यायची. ही विश्रांती आणि कामाची वाट बघत बसण्याचा वेळ धरून त्याचा दिवस सहा तासांपुढे जाता कामा नये. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत त्याला कामावर ठेवायचं नाही. ओव्हरटाइम द्यायचा नाही. एका दिवसात दोन ठिकाणी राबवायचं नाही. आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी. आणि या सगळ्याची नोंदवही, तपासणीला आलेल्या निरीक्षकाला दाखवता येईल अशी.

१९८६ च्या बालकामगार कायद्यातली ही कलमं. मूळ कायद्यात ती चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी होती, ज्या कामांत तेव्हा त्यांना बंदी नव्हती त्या कामांपुरती. २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. घरच्या उद्योगात शाळा सांभाळून केलेली मदत आणि अभिनयासारखी कामं सोडली, तर चौदाखालच्या मुलांना सगळीकडेच बंदी आली. चौदा ते अठरा असा किशोरवयीनांचा नवा गट कायद्यात आला. त्यांना खाणी, स्फोटकं आणि ज्वालाग्राही पदार्थ, घातक प्रक्रिया यांत बंदी झाली, आणि बाकीच्या कामांसाठी तासांची ती जुनीच कलमं त्यांना लावली गेली. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला समोर ठेवून आखलेला कामाचा दिवस दहावी-बारावीच्या मुलांना दिला गेला. त्यांची शाळा किती तासांची, कॉलेज कधी सुटतं, परीक्षा कधी असते, याचा विचार त्यात कुठेच नाही.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. सकाळचं कॉलेज, वाणिज्य शाखा. वर्गातल्या बऱ्याच मुलांना काम करावं लागतं आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. मला काळजी आहे ती तासांची. चौदा ते अठरा या वयात मुलाने काम करावं की करू नये यावर आपण पुष्कळ बोलतो. ते किती वेळ करावं आणि कधी थांबावं, यावर जवळजवळ काहीच बोलत नाही. माझ्या मते या वयाचा खरा प्रश्न तोच आहे.

संध्याकाळी सातनंतर पुण्यात फिरून पाहा. सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये ताटं उचलणारा, फर्ग्युसन रस्त्यावर गाडीवर ऑर्डर घेणारा, हडपसर-वाघोलीच्या ढाब्यांवर टेबल पुसणारा, तुळशीबागेत आणि लक्ष्मी रस्त्यावर गिऱ्हाईक गेल्यावर कपड्यांच्या घड्या घालणारा, यांतली कितीतरी मुलं अजून अठराची झालेली नसतात. लग्नसराईत तर विचारायलाच नको. मंगल कार्यालयात दुपारी तीनला टेम्पो लागतो, भांडी उतरवायची, टेबलं लावायची, पांढरे हातमोजे घालून बुफेमागे उभं राहायचं, शेवटची पंगत उठल्यावर खरकटं आवरायचं आणि रात्री साडेबाराला त्याच टेम्पोच्या मागच्या बाजूला बसून परत यायचं. त्याचा एका रात्रीचा रोज मिळतो, सोबत जेवण. मुलं खुशीने जातात, पैसे हातात पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या तासाला ती माझ्यासमोर असतात, किंवा नसतात. आलेली मुलंही पहिल्या तासाला जागी नसतात. त्यांना उठवून उभं करायचं की झोपू द्यायचं, हा प्रश्न मला दर वर्षी पडतो.

कायद्याच्या भाषेत इथे एकाच दिवसात चार कलमं मोडली गेली: सलग तासांचं, सहा तासांचं, रात्रीचं आणि विश्रांतीचं. मोडणाऱ्याला त्याची जाणीव नसते. मुलाला नसते, त्याच्या आईवडिलांना नसते आणि बुफेमागे वाढणाऱ्या मुलांकडे बघत आइस्क्रीम घेणाऱ्या आपल्यालाही नसते.

आता कायद्याने जे दिलं आहे त्याचाच हिशेब करू. सहा तासांच्या दिवसातून एक तास विश्रांतीचा वजा केला की प्रत्यक्ष काम पाच तास. आठवड्याला सहा दिवस, म्हणजे तीस तास. अकरावी-बारावीचा आठवडाही, तासिका आणि प्रात्यक्षिकं धरून, तीस तासांच्या आसपास जातो. दोन्ही मिळून साठ. यात घरचा अभ्यास नाही, पीएमपीच्या बसमधला वेळ नाही, घरातलं पाणी भरणं नाही. आपल्याकडे प्रौढ कामगाराच्या आठवड्याची कायदेशीर मर्यादा ४८ तास आहे. म्हणजे सगळे नियम अक्षरशः पाळून, एकही कलम न मोडता, सोळा वर्षांच्या मुलीचा आठवडा तिच्या वडिलांच्या आठवड्यापेक्षा बारा तासांनी मोठा होऊ शकतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शिकणाऱ्या मुलांसाठी शिक्षण आणि काम यांची बेरीज ४८ तासांच्या पुढे जाऊ नये. शिक्षणाचे तीस धरले तर कामाला उरतात अठरा, सहा दिवसांत रोजचे तीन. हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी तीन तास आणि शाळा चालू असलेल्या आठवड्यात अठरा तास हीच मर्यादा आहे. सुट्टीत ती वाढते. आणि इतकं लांब जायचीही गरज नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची कमवा व शिका योजना आहे. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तिथे दिवसाला जास्तीत जास्त तीन तास काम मिळतं. ही मुलं पदवी-पदव्युत्तर वर्गांतली, बहुतेक अठरा ओलांडलेली. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला अभ्यास सांभाळायचा तर तीन तास पुरे, हे आपल्या विद्यापीठाला समजतं, तर पंधरा वर्षांच्या मुलाला पाच तास कशासाठी?

श्रमाची प्रतिष्ठा हा शब्द या विषयावर बोलताना हमखास पुढे येतो आणि तो यायलाच हवा. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली ती मुलांनी कष्ट करून शिकावं याच विचाराने. पण त्या जोडीत कमावणं शिकण्यासाठी होतं. वसतिगृहातला मुलगा शेतात खपायचा, तेव्हा त्याचं वेळापत्रक शाळा ठरवायची. आज लक्ष्मी रस्त्यावरच्या मुलाचं वेळापत्रक दुकानाचं शटर ठरवतं. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस शटर रात्री अकराला पडतं आणि नेमक्या त्याच सुमारास सहामाही परीक्षा असते.

मुलांच्या कामाचे तास मोजणं ही काही आजची परदेशी टूम नाही. आपल्याकडे कारखान्यांतल्या मजुरीवरच्या कायद्यांची सुरुवातच इथून झाली. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचा दिवस नऊ तासांवर आणला. प्रौढांच्या तासांना त्या कायद्याने हातही लावला नव्हता. १८९१ मध्ये नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तास झाले. त्यामागे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून धरलेला रेटा होता. ते जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, आणि त्यांनी चालवलेलं ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक मुळात निघालं ते पुण्यात. पुढे १९२२ मध्ये सहा तास, १९३४ मध्ये पाच, १९४८ च्या कायद्यात चौदा-पंधराच्या मुलांसाठी साडेचार. कामाचं किमान वय चढत गेलं, तास उतरत गेले. प्रत्येक वेळी गिरणीमालकांनी सांगितलं की आता धंदा बुडणार. धंदा चालू राहिला.

पुण्यात १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मागणी केली की किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. ती मागणी पुरती मान्य व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाला संरक्षण देतो, आणि कामाला परवानगी मिळते तीही चौदालाच. आठवी झाली की शिक्षणाची हमी संपते आणि त्याच दिवशी कामाचं दार उघडतं. ही दोन कलमं दोन वेगळ्या कायद्यांत आहेत, दोन वेगळ्या खात्यांकडे आहेत, पण मुलाच्या आयुष्यात ती एकाच वाढदिवसाला लागू होतात.

रात्रशाळा आजही पुण्यात आहेत. सरस्वती मंदिर संस्थेच्या पूना नाईट हायस्कूलसारख्या शाळांनी कित्येक पिढ्यांना दहावीच्या पार नेलं. या शाळांची घंटा संध्याकाळी होते, आणि कायदाही म्हणतो सातनंतर काम नाही. कागदावर किती छान जुळतं. प्रत्यक्षात सात ही हॉटेलात गर्दी सुरू होण्याची वेळ, दुकानात गिऱ्हाईक येण्याची वेळ. मालकाने सोडलं तर शाळा, नाही सोडलं तर खाडा. रात्रशाळेतल्या मुलाचं शिक्षण त्याच्या मालकाच्या भलेपणावर चालतं. भले मालक मी पाहिलेले आहेत. मुलाच्या परीक्षेच्या काळात स्वतः काउंटर सांभाळणारा, त्याची फी भरणारा एक किराणा दुकानदार माझ्या ओळखीचा आहे. पण हक्क म्हणून जे कायद्यात लिहिलंय ते उपकार म्हणून का मिळावं?

मग अभ्यास मागे पडतो आणि कुणीतरी सुचवतं, सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून परीक्षा दे. हा फॉर्म राज्य मंडळाने चांगल्या हेतूने ठेवला आहे. शाळा सुटलेल्या अनेकांना त्याने दुसरी संधी दिली. पण सोळाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडण्याचा सोयीचा रस्ता म्हणून तो वापरला जातो तेव्हा मला वाईट वाटतं. हजेरीचा प्रश्न सुटला की कामाच्या तासांना उरलासुरला अडसरही जातो.

झोपेबद्दल थोडं. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. शिवाय वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. या वयात झोप उशिरा लागते ती काही नुसत्या मोबाईलमुळे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून. चांगला निर्णय होता. आता साडेअकराला हॉटेलातून सुटणारा, बाराला जनता वसाहतीत किंवा अप्पर इंदिरानगरला घरी पोचणारा, सव्वासहाला पुन्हा बाहेर पडणारा मुलगा घ्या. हात-पाय धुऊन, दोन घास खाऊन त्याच्या वाट्याला पाच तासही येत नाहीत. वर्षभर. त्याच्यासाठी आदेश काढायची गरजच नाही, तो २०१६ पासून काढलेला आहे.

या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त विरोध पालकांकडून होतो, आणि तो मी मनापासून ऐकते. एक आई मला म्हणाली, “मॅडम, तास कमी करा म्हणता, मग भाडं कोण देणार?” दुसरी म्हणाली की पोरगा कामाला जातो म्हणून तरी वाईट संगतीला लागला नाही. दुसरीचं म्हणणं मला अर्धं पटतं. तीन तासांच्या कामाने मुलाला शिस्त लागते, चार माणसांशी बोलता येतं, स्वतःच्या पैशाची किंमत कळते. पण हे सगळं तीन तासांत मिळतं. पुढचे चार-पाच तास मुलगा शिस्त शिकत नसतो, मालकाचा एका प्रौढ माणसाचा पगार वाचवत असतो.

भाड्याचा प्रश्न मात्र खरा आहे. मुलाचे तास कमी करायचे तर त्याच्या तासाला पूर्ण दाम मिळाला पाहिजे. आज हिशेब महिन्याच्या ठोक पगारावर किंवा रोजावर होतो, आणि ‘पार्ट टाइम’ म्हणून घेतलेला मुलगा आठ तास थांबतो. किमान वेतन तासाला बांधलं, तेही प्रौढाच्याच दराने, तर मुलाला रात्रीपर्यंत थांबवून ठेवण्यात मालकाला काही फायदा राहत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात प्रौढ, किशोरवयीन आणि मुलं यांच्यासाठी वेगवेगळे दर ठरवायची मुभाच होती. स्वस्त हात म्हणून या वयाकडे पाहायची सवय आपल्याला कायद्यानेच लावली.

आणि मुलाच्या कमाईवर घर का चालतं? आईबापाची कमाई पुरत नाही म्हणून. यावर पुण्याने एक उत्तर स्वतः शोधलेलं आहे. १९९३ मध्ये इथल्या कचरावेचक बायांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. तेव्हा कचराकुंड्यांवर आयांबरोबर मुलंही असत. पंचायतीने ओळखपत्रं मिळवली, कामाला काम म्हणून मान्यता मिळवली, बालमजुरीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था झाली, २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला आणि बाया ठरलेल्या वेळेत घरोघर कचरा गोळा करू लागल्या. कमाई नियमित झाली, वेळ ठरलेली झाली, तेव्हा मुलाला सोबत न्यायची गरज कमी झाली. मुलांच्या मजुरीवरचा इतका खणखणीत इलाज मला दुसरा माहीत नाही: आईच्या कामाला दाम आणि वेळ द्या. त्याच्या जोडीला सरकारची बाल संगोपन योजना आहे, एक पालक गमावलेल्या किंवा अडचणीत सापडलेल्या घरांतल्या अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, महिना २,२५० रुपयांची. कितीतरी पात्र घरांना तिचं नावही ठाऊक नसतं. कॉलेजच्या सूचनाफलकावर ती लावायला काही खर्च येत नाही.

पण वारं उलट्या दिशेने वाहत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांतल्या प्रौढांचा दिवस नऊ तासांवरून दहा आणि कारखान्यांतला नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. दुकानांच्या कायद्याचं बंधन पूर्वी दहा कामगारांपासून सुरू व्हायचं, ते वीसपासून करायचं ठरलं. हे सगळे निर्णय मोठ्यांबद्दल आहेत, असं सांगितलं जाईल. पण दुकानात घड्याळ एकच असतं. मोठे दहा तास थांबतात तिथे सोळा वर्षांचा पोऱ्या सहा तासांनी पिशवी उचलून निघेल, हे कोण मानेल? वडील बारा तास कारखान्यात असतील तर घरची कामं कुणावर पडतील? वीसपेक्षा कमी माणसांच्या दुकानात निरीक्षक जाणार तरी कशाला? मुलांच्या तासांचा कायदा एका कामगाराच्या दुकानालाही लागू आहे, ही गोष्ट या गडबडीत हरवू नये.

मोठी मोकळी जागा मुलींची आहे. तासांची कलमं ‘आस्थापने’ला लागू होतात: दुकान, कार्यशाळा, उपाहारगृह, हॉटेल, शेतसुद्धा. कोथरूड-बाणेरमधल्या सोसायटीतलं एखादं घर त्यात धड बसत नाही. आईबरोबर धुणीभांडी करायला जाणारी, आई आजारी पडली की तिची चारही घरं उरकणारी पंधरा वर्षांची मुलगी कुठल्याच नोंदवहीत येत नाही. घरकामगार बायकांच्या हक्काची लढाई या शहराने १९८० च्या संपातून सुरू केली. २००८ मध्ये राज्यात कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण त्यात नोंदणी अठराच्या पुढच्यांची. जनगणनाही मदतीला येत नाही. २०११ च्या जनगणनेने पाच ते चौदा वयाची १.०१ कोटी मुलं काम करताना मोजली. त्यापुढचा वयोगट थेट पंधरा ते एकोणीस, म्हणजे अल्पवयीन आणि सज्ञान एकाच रकान्यात.

याउलट, मालिकेच्या सेटवर काम करणाऱ्या मुलासाठी २०१७ च्या नियमांनी केवढी व्यवस्था केली आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांची मर्यादा, सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही, कमाईचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत. हे सगळं योग्यच आहे, आणि यावरून एवढं तरी सिद्ध होतं की मनात आणलं तर आपल्याला तास मोजता येतात, पैसे सुरक्षित ठेवता येतात, कागद तपासता येतात.

सध्याचा कायदा जसा आहे तसा मला पूर्णपणे पटत नाही. तो भोंगळ आहे. सायकलवरून पहाटे तासभर पेपर टाकणारा मुलगा त्याच्या अक्षरानुसार गुन्ह्याच्या बाजूला जातो, कारण आठच्या आधी काम नाही. हा उद्योग पुण्यातल्या अनेक मोठ्या माणसांनी लहानपणी केला आहे, आणि सकाळचा एक तास त्यांना जड गेला नाही. भर दुपारी कॉलेज सुटल्यावर पाच तास पोती उचलणारा मात्र मधल्या विश्रांतीची नोंद केली की नियमात बसतो. आठवड्याची मर्यादा अठरा तास ठेवून सकाळी सहानंतरचा एखादा तास मोकळा करायला माझी हरकत नाही. रात्रीचं कलम मात्र जराही सैल करू नये. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत आजची तीस तासांची मर्यादा राहू द्यावी. मुलं सुट्टीत कमावतात, त्यातून वह्यापुस्तकं घेतात, ते चांगलं आहे.

माझ्या सूचनेत एक अडचण आहे. शिकणाऱ्याला अठरा आणि शाळा सोडलेल्याला तीस तास अशी तफावत ठेवली, तर मालक शाळा सोडलेल्याला पसंती देईल, आणि घर म्हणेल, सोडच शाळा. म्हणून ही मर्यादा एकटी चालणार नाही. शिक्षणाचा हक्क चौदावरून अठरापर्यंत न्यावा लागेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते अठरा वयाच्या सर्वांपर्यंत शिक्षण पोचवण्याचं उद्दिष्ट लिहून ठेवलं आहे. ते कायद्यात यावं. तोवर दहावी न झालेल्या प्रत्येक मुलाला शिकणारा धरूनच अठरा तास लावावेत.

शिक्षेचंही तसंच. चौदाखालच्या मुलाला कामावर ठेवलं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड. किशोरवयीनाचे तास मोडले तर महिनाभरापर्यंत साधी कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. मला कुणाला तुरुंगात पाठवायची घाई नाही. लहान दुकानदार स्वतः चौदा तास उभा असतो, मला ते दिसतं. पण मंगल कार्यालयांना परवाना देताना, हॉटेलांच्या खाद्यपरवान्याचं नूतनीकरण करताना, अठराखालच्या कामगारांची नोंदवही मागणं अवघड नाही. रात्री दहाला कार्यालयात मुलगा वाढताना दिसला तर केटररइतकंच कार्यालयाच्या चालकालाही उत्तर द्यावं लागलं पाहिजे. आणि यजमानाने ऑर्डर देताना एवढं एक वाक्य करारात घालून घ्यावं की वाढपी अठराच्या वरचे हवेत. लग्नात लाखो रुपये खर्च करणाऱ्या घराला हे जमण्यासारखं आहे.

यातलं सगळ्यांत महत्त्वाचं पाऊल तर दिल्लीवर अवलंबूनही नाही. कायद्याचं सातवं कलम म्हणतं की किशोरवयीनाने विहित केलेल्या तासांपेक्षा जास्त काम करू नये, आणि नियम करून ते तास विहित करण्याचा अधिकार अठराव्या कलमाने समुचित सरकारला दिला आहे. पुण्यातल्या दुकानांसाठी आणि हॉटेलांसाठी ते सरकार म्हणजे महाराष्ट्र शासन. संसदेत विधेयक न्यायला नको, दुरुस्तीची वाट पाहायला नको. शिक्षण चालू असताना आठवड्याला अठरा तास, सुट्टीत तीस, तासाला प्रौढांच्या दराने वेतन, एवढा मसुदा कामगार विभागाने काढावा, हरकती-सूचना मागवाव्यात, शाळा-महाविद्यालयांकडून आणि हॉटेलमालकांच्या संघटनांकडून त्या याव्यात, आणि येत्या वर्षी अकरावीचे वर्ग भरण्याआधी नियम राजपत्रात यावा. हरकत घेणाऱ्या हॉटेलमालकांशी बसून बोलायला मी तयार आहे, माझ्या वर्गातल्या मुलांची हजेरीपत्रकं सोबत घेऊन.